उतारावरची शिरी

सायकलच्या चाकात हवा किती असावी यावर मी अर्धा तास बोलू शकतो, आणि समोरचा उठून गेला नाही तर तासभरही. माझी बायको अफरीन म्हणते, तुमच्याशी कुणी दोन शब्द बोलायला आलं की एक तर सायकल घेतं, नाहीतर पुन्हा आपल्या दारात पाऊल टाकत नाही. तिचं खरं आहे. पण लोक डोळ्यांदेखत चुकीचं करतात आणि मला ते बघवत नाही, त्याला मी काय करू?

मी सुभान मुलाणी, राहणार पाबळ. रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की मला बोलावतात, सुरू झालं की विसरतात. आठ वर्षांपूर्वी पाठ धरली तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. आता आमच्याकडे पोहणार कुठे? मी सायकल घेतली. तीही डोंगरात चालवायची, जाड टायरांची, पुढे शॉकअप असलेली. गावाने वर्षभर चेष्टा केली. मुलाण्याने पोराची सायकल पळवली म्हणायचे. आता तेच लोक आपापल्या पोरांना घेऊन येतात आणि कुठली घेऊ म्हणून विचारतात, आणि मी त्यांना सोडत नाही.

पुण्याहून येणारे ब्रेकचं विचारतात, गिअरचं विचारतात. मी म्हणतो, आधी बाभूळ ओळखा. आमच्या माळावर काटा हा पहिला शत्रू. ट्यूबलेस टायर घ्या, आत सीलंट भरा, आणि काटा घुसला तर घाबरू नका. उपटा, चाक फिरवून भोक खाली आणा आणि गप उभे राहा. आतला पांढरा चीक भोकाशी येतो आणि हवा थांबते. हवा कमीच ठेवा, अंगठ्याने दाबलं तर टायर जरासं दबलं पाहिजे. पाणी दोन बाटल्या. उतारावर सीट खाली, ढुंगण मागे, दोन्ही ब्रेकवर एकेक बोट, आणि नजर वाटेवर. दगडाकडे बघाल तर दगडावरच जाऊन आदळाल, कारण जिकडे नजर तिकडे चाक. शेजारी कुणी नाचत असलं तरी मान वळवायची नाही.

आणि सायकल वाजता कामा नये. ज्याची सायकल खडखडते त्याने ती सांभाळलेली नाही असं मी तोंडावर सांगतो. मागच्या चाकाच्या हबमध्ये जाड ग्रीस भरून मी त्याची टिकटिकसुद्धा बंद केली होती. घंटी तर पहिल्याच महिन्यात काढून टाकली, उगाच वजन. शेजारून गेलो तरी कळायचं नाही, इतकी गुपचूप चालायची माझी सायकल. याचा मला फार अभिमान होता.

गावामागच्या डोंगराच्या पलीकडे धनगरांची वस्ती आहे. डोंगरमाथ्यावरून त्या वस्तीकडे एक वाट उतरते. सव्वा किलोमीटरची, सात वळणांची, मधे मुरूम, मधे खडक, एका अंगाला घाणेरीची झुडपं आणि ओढा. असा उतार पुणे जिल्ह्यात दुसरा नाही हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. वाट मेंढरांची, त्यांच्याच खुरांनी पिढ्यान्‌पिढ्या पडलेली. मी मात्र तिला ‘माझा उतार’ म्हणायचो. मोबाइलवर नकाशा काढून ग्रुपवर टाकला होता, वळणांना आकडे दिले होते.

वस्तीवर गेणबा आबा राहतात. सत्तरी ओलांडली आहे. त्यांचे वडील दिवाळी झाली की शंभर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आता घरची कांद्याची शेती आहे, पोटाला कमी नाही, पण आबांनी हट्टाने बारा मेंढ्या ठेवल्यात. मेंढरं नसली तर सकाळी उठायचं कशाला, असं ते विचारतात. त्यांचा मुलगा बिरदेव माझ्याच कंपनीत पॅकिंगला आहे, आम्ही एकाच बसने जातो. बिरदेवची मुलगी साधना एकोणीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज सकाळी वस्तीवरून डोंगराच्या माथ्यापर्यंत पळत जायची आणि पळत उतरायची. दोन-तीनदा ती मला वर भेटली होती. मी तिला श्वास कसा घ्यावा ते सांगितलं होतं, अर्थात न विचारता.

दिवाळीनंतर माझी दुसरी पाळी लागली. दुपारी दोनची बस, सकाळ मोकळी. आठवड्यातून चार दिवस मी सूर्य वर येता येता त्या उतारावर असायचो. डिसेंबर उजाडला आणि एका सकाळी पाहतो तर वाटेच्या तोंडाशी बाभळीची शिरी आडवी टाकलेली.

शिरी म्हणजे तोडलेली काटेरी फांदी. आमच्याकडे कुंपणाला लावतात, फाटकात लावतात. आडवी टाकलेली शिरी दिसली की माणूस मागे फिरतो. इथून जाऊ नका, एवढाच तिचा अर्थ, आणि तो शेंबड्या पोरालाही कळतो. कुणाच्या शेताच्या तोंडाशी शिरी असती तर मीही पाऊल टाकलं नसतं. पण डोक्यावर हेल्मेट होतं, पुढे उतार होता, आणि मला त्यात फक्त पंक्चर दिसलं. शिव्या घालत मी ती उचलून ओढ्यात फेकली.

दोन दिवसांनी पुन्हा शिरी. पुन्हा फेकली. त्यानंतर दोन शिऱ्या, आणि त्या हलू नयेत म्हणून वर दगड. आता माझं डोकं फिरलं. वस्तीवरच्या कुणालातरी आमचं सायकल चालवणं खुपतंय, मुद्दाम टायर फोडायला बसलंय, असं मी धरून चाललो. कुणाला विचारायला गेलो नाही. वस्ती खाली दिसत होती, हाक मारली तर ऐकू गेली असती. पण राग आला की मला कुणाला काही विचारावंसं वाटत नाही, नुसतं करावंसं वाटतं.

त्याच आठवड्यात बसमध्ये बिरदेव शेजारी बसला.

“सुभानभाई, सध्या डोंगरात जाऊ नका,” तो म्हणाला. “बिबट्या हाय तिथं.”

“कुणी बघितला?”

“बघितला न्हाई कुणी. पर आबांची मेंढरं सारखी उधळत्यात. आबा म्हणत्यात, आवाज न्हाई काय न्हाई, नुसती कायतरी सळसळ हुती आन् मेंढरं चौकडं फुटत्यात. तीन गाभडल्या, भाई. पोटातली पिल्लं पडली.”

मला वाईट वाटलं. पण बिबट्यावर माझा विश्वास बसेना. पलीकडच्या गावात एक कुत्रं उचललं होतं हे खरं, आणि तेव्हापासून लोकांना प्रत्येक झुडपात बिबट्या दिसत होता. मी आठ वर्षं त्या डोंगरात जातोय, मला त्याचं शेपूटही दिसलेलं नाही, असं मी बिरदेवला सुनावलं.

“तुमचं ठीक हाय. पर आबांनी साधनाचं पळणं बंद केलंय,” तो म्हणाला. “दाराबाहीर पडू देईनात. आन् तिचं ग्राउंड आलंय तोंडावर.”

“मग रस्त्याने पळू दे.”

“रस्त्याला दोन्ही अंगानं ऊस हाय. त्यो तर उसातच बसतो म्हणत्यात.”

“अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला सांग,” मी म्हणालो. “दिवसाला हजार. दम टिकतो.”

सल्ला देऊन मी मोकळा झालो. ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, कोणत्या तारखेला आहे, हे मी विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारची गोष्ट. त्या सकाळी तिसऱ्या वळणावर माझं मागचं चाक घसरलं होतं. असं झालं की मी घरी येऊन हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघतो, कुठे चुकलो ते शोधतो. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून मी तेच तेच वळण पुढे-मागे करत बसलो होतो. अफरीन चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून बघत उभी राहिली.

“ये बुढ्ढा किसकू भगारा?” तिने विचारलं.

“कुठला बुढ्ढा?”

तिने बोट ठेवलं. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, झुडपांच्या खालच्या अंगाला, मेंढरं होती. मी चित्रण थांबवून हळू हळू पुढे सरकवलं. मी वळणावर येतो, घाणेरीची पानं हलतात, आणि मेंढरं एकदम फुटतात. एक मेंढी दगडावरून कोलमडते. खांद्यावर घोंगडी घेतलेला म्हातारा धडपडत उठतो. ते गेणबा आबा होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, सूर्य समोरून येत होता, त्यांना मी दिसलोच नसणार. माझ्याकडे पाठ करून ते ओढ्याच्या बाजूला वळले. तिथे काहीच नव्हतं. तिकडे तोंड करून त्यांनी काठी उगारली, दुसरा हात मागे पसरला, मेंढरांच्या आणि त्या रिकाम्या ओढ्याच्या मधे उभे राहिले. तोंड उघडं होतं, ओरडत असणार, पण कॅमेऱ्यात फक्त वारा ऐकू येत होता. मग मी वळलो आणि ते चित्रातून गेले.

मी जुनी चित्रणं काढली. महिन्याभरात पाच वेळा तेच होतं. मेंढरं फुटताना मी पाहिलेलीही होती, खोटं कशाला बोलू. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिली होती. मेंढरं पळणारच, त्यांचं कामच ते, असं वाटायचं. आणि नजर वाटेवरून हलवायची नाही हा तर माझाच नियम.

“आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा,” अफरीन म्हणाली.

“जातो.”

“म्हातारा माणूस बिबट्या समजून काठी घेऊन उभा राहतोय. काही झालं असतं म्हणजे?”

“जातो म्हटलं ना!”

गेलो नाही. का ते सांगतो, आणि त्यात माझी काही बाजू आहे असं मला वाटत नाही. दौंड तालुक्यातल्या खुटबावचा हौसराव म्हणून एक गुऱ्हाळवाला आहे, आमच्यासारखाच सायकलवेडा. त्याच्या ग्रुपला मी दोन महिने या उताराचं वर्णन ऐकवत होतो. ते चौदा जण सायकली टेम्पोत घालून येणार होते, त्या रविवारी नव्हे, पुढच्या. आबांना सांगितलं तर वाट बंद होणार हे उघड होतं. कोणत्या तोंडाने मी पुन्हा तिथून उतरणार होतो? म्हटलं, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. तेवढे दिवस आपण स्वतः जायचं नाही. रविवार उरकला की सोमवारी जाऊन सगळं सांगू, माफी मागू. आणि खरोखरच मी दहा दिवस तिकडे फिरकलो नाही. त्याचं मला थोडं कौतुकही वाटत होतं.

बसमध्ये बिरदेव भेटायचा. मेंढरं आता कोंडूनच ठेवलीत, चारा तोडून घालतोय, असं सांगायचा. आबा दाराशी काठी घेऊन बसतात, पोरीला हातपंपापर्यंतसुद्धा एकटी सोडत नाहीत, असंही एकदा म्हणाला. मी खिडकीबाहेर बघायचो. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं, बिरदेव, ते मी आहे. ते वाक्य माझ्या तोंडाशी तीन वेळा आलं आणि तीनही वेळा मी कंपनीच्या कॅन्टीनबद्दल काहीतरी बोललो. घरी अफरीनने दोनदा विचारलं, सांगितलं का. नंतर तिने विचारणं सोडलं. चहा समोर ठेवायची आणि आत जायची.

रविवारी हौसरावची मंडळी आली. माथ्यावर पोहोचलो तर वाटेच्या तोंडाशी या वेळी तीन शिऱ्या, एकमेकींत अडकवलेल्या, वर पाटा-वरवंट्याएवढे दगड. सगळ्यांनी मिळून काढल्या. एकाच्या तळहातात काटा घुसून रक्त आलं.

“कुणाचा उद्योग म्हणायचा ह्यो?” हौसरावने विचारलं.

“असत्यात गावात एकेक,” मी म्हणालो.

तेव्हा मला माहीत होतं खाली कोण राहतं. तरी म्हणालो. त्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते, बाकी सगळ्यापेक्षा जास्त.

उतार रिकामा होता. ना मेंढरू, ना माणूस. चौदाच्या चौदा जण आरडाओरडा करत उतरले, खाली पोहोचून एकमेकांच्या पाठी थोपटल्या. हौसरावने मला मिठी मारली. असा उतार पाहिला नाही म्हणाला. दोन महिने मी याच वाक्याची वाट बघत होतो आणि ते कानावर पडलं तेव्हा मला कधी एकदा हे लोक जातायत असं झालं होतं.

सोमवारी जायचं ठरवलं होतं. सोमवारी पाठ दुखते म्हणून गेलो नाही. त्या दिवशी बिरदेवही कामावर नव्हता, मला बरंच वाटलं. मंगळवारी तो आला, गप्प गप्प होता. उतरताना एवढंच म्हणाला, “गुरुवारी व्यापारी येतोय मेंढरं बघायला. आबा विकून टाकतो म्हणत्यात. बिबट्याच्या तोंडी देन्यापरीस बरं.”

बुधवारी सकाळी मी निघालो. सायकल घरी ठेवली, डोंगर पायी चढलो आणि माझ्या त्या उतारावरून आठ वर्षांत पहिल्यांदा चालत खाली गेलो. फार वेळ लागला. चालताना दिसलं की वाटेच्या खालच्या अंगाला, झुडपांच्या आड, चांगली हिरवी लवण, खोलगट गवताळ जागा, आहे. सकाळचं ऊन तिथे पहिलं येतं. मेंढरं तिथेच चरणार, आणखी कुठे चरतील?

आबा अंगणात घोंगडीवर बसले होते, काठी मांडीवर. मागे वाघरीच्या जाळीत मेंढ्या कोंडलेल्या.

“कोन हाय?” त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

“मी सुभान, आबा. मुलाणी.”

“आरं यी, यी. डोंगरातनं आला का? एकला? येडा का खुळा तू?” ते खरोखर चिडले. “बिबट्या हाय म्हणून सांगितलं न्हाई का बिरदेवनं? साधने, च्या ठेव गं.”

मी बसलो. कुठून सुरुवात करावी हे वाटभर घोकत आलो होतो, ते सगळं विसरलो.

“आबा, बिबट्या न्हाई,” मी म्हणालो. “मीच हाय त्यो.”

त्यांना कळेना. मी मोबाइल काढला आणि चित्रण दाखवलं. आबांनी मोबाइल नाकाला लागेल इतका जवळ घेतला. पहिल्यांदा काही दिसलं नाही. दुसऱ्यांदा मी थांबवून, बोट ठेवून दाखवलं.

“ही माझी पवळी,” ते मेंढी ओळखून म्हणाले. “आन् ह्यो... ह्यो मी का?”

“व्हय. आन् कॅमेरा माझ्या डोक्यावर हाय. मी सायकलवरनं उतरतोय. सायकल वाजत न्हाई माझी. मेंढरं मला भ्याली, आबा. दर बारीला मीच हुतो. तुमच्या तीन मेंढ्या माझ्यापायी गाभडल्या.”

आबांनी तिसऱ्यांदा बघितलं. मोबाइल खाली ठेवला. त्यांचा चेहरा थरथरायला लागला. आता शिव्या देतील, काठी उचलतील, असं वाटून मी मान खाली घातली. मला ते हवंही होतं.

“म्हंजी बिबट्या न्हाईच?” ते म्हणाले.

“न्हाई.”

“साधने! आगं बिबट्या न्हाई! ऐकलंस का? न्हाई बिबट्या!” ते हसत होते आणि डोळे पुसत होते. “दोन म्हयनं झोप न्हाई रं मला, सुभाना. डोळा लागला की वाटायचं, पोर बाहीर गेली आन् त्यानं धरली. मेंढरांचं काय, हुत्यात जात्यात. ही एकच नात हाय मला.”

आबांचं बोलणं थांबेना, दोन महिन्यांचं ओझं उतरलं होतं.

“तुमच्या सायकलींचं वण दिसायचं वाटंला. परगावची पोरं यित्यात हे ठावं हुतं मला. बिबट्या पळनाऱ्याच्या मागं लागतो, बाबा. म्हटलं, कुनाचं तरी लेकरू जायाचं फुकट. म्हणून शिरी टाकत हुतो मी. तर कोन मेलं ती काढून फेकायचं काय जनू!” त्यांनी तळहात पुढे केले. काट्यांनी ओरबाडलेले, एका ठिकाणी पिकलेलं. “म्हटलं वाऱ्यानं जाती. मंग दगूड ठेवलं.”

“मीच काढायचो, आबा.”

आबा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. त्यांना खरंच उलगडा होत नव्हता.

“तुला शिरी कळंना व्हय रं?” ते म्हणाले. “तू तर हितलाच.”

उत्तराची वाट न पाहता ते काठी टेकत उठले आणि वाघरीची गाठ सोडायला लागले. उद्या व्यापाऱ्याला काय सांगायचं ते सांगू म्हणाले, आज यांना जरा मोकळं सोडतो. मेंढ्या बाहेर पडल्या, आबा त्यांच्या मागे लवणाकडे निघाले, मोठमोठ्याने हाळ्या देत.

साधना चहाचा कप घेऊन दाराशी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. कप माझ्यापुढे ठेवला, खाली ठेवलेला मोबाइल उचलला आणि एकटीने ते चित्रण बघितलं. मग वर कोपऱ्यातली तारीख बघितली.

“मामा, तुमाला हे कवा कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हणालो असतो तर तिला पटलं असतं.

“त्याच दिवशी,” मी म्हणालो. “तेरा दिवस झाले.”

मी विचारलं, विचारायला हवं ते, पंधरा-वीस दिवस उशिरा.

“तुझं ग्राउंड कवा हाय?”

“परवा झालं. सोमवारी.” तिचा आवाज शांत होता. “आठशे मीटर मी आदी दोन मिनिटं पन्नासच्या आत यायचे. परवा तीन-दहा लागले. सहाशेपर्यंत पुढं हुते. मंग पायच उचलंनात. दोरीच्या उड्यांनी न्हाई व्हत तसं, मामा. चढ लागतो.”

“पुढच्या भरतीला...” मी म्हणायला लागलो आणि थांबलो. पुढची भरती कधी निघेल हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आयुष्यभर सगळ्यांना सल्ले वाटत फिरलो, आणि या पोरीला सांगण्यासारखा एक शब्द मला सुचला नाही. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडण्याचीही लाज वाटत होती.

“आबांना ठावं न्हाई,” ती म्हणाली. “त्येंना मी सांगितलंय, ग्राउंड झ्याक झालं. त्येंनीच पळनं बंद केलं हुतं ना. खरं कळलं तर सवताला खात बसतील. वडलांना बी मी शपथ घातलीय. तुमी बी काय बोलू नका.”

“साधना, आबांची काय चूक? चूक माझी हाय. मी सांगतो त्येंना.”

“काय सांगाल?” तिने विचारलं. “बघा की त्येंच्याकडं. किती दिसांनी हसत्यात.”

लवणात आबा मेंढ्यांच्या मधे उभे होते. पवळीच्या पाठीवर हात ठेवून तिला काहीतरी सांगत होते. मी होकारार्थी मान हलवली. साधनाने मोबाइल माझ्या हातात दिला आणि आत गेली.

थोड्या वेळाने आबा परत आले. दम लागला होता, पण चेहरा उजळला होता. माझ्या पाठीत त्यांनी एक हलका रट्टा घातला.

“आता नीट ऐक रं मुलाण्या,” ते म्हणाले. “परवा ग्राउंड झ्याक झालं आमच्या पोरीचं. यादी लागू दे, वर्दी चढू दे अंगावर. पयली तुझी सायकल जप्त करायला लावतो का न्हाई बघ!”

ते जोराने हसले आणि माझ्या हसण्याची वाट बघत राहिले. दारात साधना उभी होती, आबांच्या पाठीमागे, माझ्याकडे बघत.

मी हसलो.